प्रश्न योग्य दारी पोहोचला पाहिजे

नांदेड आणि लातूर ही मराठवाड्यातील दोन्ही शहरे आज महानगरपालिकांची शहरे आहेत. नांदेड-वाघाळा शहर महानगरपालिका १९९७ साली अस्तित्वात आली, लातूर महानगरपालिका २०११ साली. राज्यघटनेच्या व्याख्येप्रमाणे दहा लाख वा त्याहून अधिक लोकवस्तीच्या क्षेत्रालाच ‘महानगर क्षेत्र’ म्हणतात. २०११ च्या जनगणनेत नांदेड साडेपाच लाखांचे आणि लातूर चार लाखांच्या आतले होते. म्हणजे नावाने महानगर, आकाराने मध्यम शहर आणि नागरिकांच्या सवयीने अद्याप तालुक्याचे गाव, अशी या दोहोंची अवस्था आहे. यातील सवयीचा भाग अधिक चिंतेचा आहे. गावात अडचण आली की माणूस ओळखीच्या माणसाकडे जातो. नळाला पाणी नाही, व्हॉल्व्हमनला गाठा; दाखला हवा, कारकुनाच्या मेहुण्याला गाठा. शहर वाढले, वस्त्या सिडको-हडकोपलीकडे गेल्या, अंदाजपत्रक शेकडो कोटींचे झाले, तरी नागरिकाचा प्रश्न अजून ओळखीच्याच वाटेने चालतो आणि बहुधा वाटेतच विरतो.

या सवयीला इतिहासही आहे. सव्वादोनशे वर्षे हा प्रदेश निजामाच्या अमलाखाली होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, परंतु तोपर्यंत कित्येक पिढ्यांनी सरकारदरबारी फक्त अर्ज करायचा असतो, प्रश्न विचारायचा नसतो, एवढेच शिकून घेतले होते. अर्ज, दफ्तर, नक्कल, मुदत हे शब्द आपल्या तोंडी आहेत ते दरबारी भाषेतून आलेले. शब्द राहिले याचे वाईट वाटण्याचे कारण नाही; पण त्यांच्यासोबत ‘मायबाप सरकार’ ही वृत्तीही राहिली, हे मात्र खटकते. प्रजा विनंती करते, नागरिक नोंद मागतो. हा फरक आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गालाही पुरतेपणी उमगलेला नाही, असे गेल्या तीस वर्षांच्या पत्रकारितेनंतर प्रस्तुत लेखकाचे मत झाले आहे.

गेल्या काही वर्षांत तर विचारायचे कोणाला, हाच पेच होता. दोन्ही महापालिकांच्या निवडणुका २०१७ साली झाल्या आणि २०२२ मध्ये लोकनियुक्त सभागृहांची मुदत संपली. त्यानंतर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत, तीन वर्षांहून अधिक काळ, प्रशासक राजवट राहिली. महापालिका अधिनियमाप्रमाणे नगरसेवक प्रशासनाच्या कारभाराबद्दल आयुक्तांना प्रश्न विचारू शकतो. या काळात विचारणारा नगरसेवकच नव्हता. सर्वसाधारण सभेचे अधिकार प्रशासकाकडे, स्थायी समितीचेही त्यांच्याकडेच. प्रस्ताव ठेवणारे आणि मंजूर करणारे एकच, हिशेब देणारे आणि तपासणारेही एकच. व्यक्ती कितीही सचोटीची असली तरी ही व्यवस्था निरोगी म्हणता येणार नाही. त्या काळात सामान्य माणसाच्या हाती एकच साधन उरले होते : १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर लागू झालेला माहितीचा अधिकार. महाराष्ट्राला तर तो त्याआधीच मिळाला होता. राज्याचा २००२ चा कायदा, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळावी म्हणून ऑगस्ट २००३ मध्ये अण्णा हजारे यांनी केलेले उपोषण, हा सारा इतिहास वाचकांच्या स्मरणात असेलच. हे साधन आपण किती वापरले? आणि ज्यांनी वापरले, त्यांच्यापैकी कितीजणांचा प्रश्न योग्य माणसाच्या मेजावर पोहोचला?

पहिली गफलत होते ती प्रश्नाची जात ओळखण्यात. नळाला पाणी येत नाही, ही तक्रार आहे. नवी नळजोडणी हवी, ही सेवेची मागणी आहे. आपल्या टाकीवरून कोणत्या भागाला किती दिवसांनी पाणी सोडले याची नोंद पाहायची आहे, ही माहितीची मागणी आहे. तिन्हींची दारे निरनिराळी. तक्रार संबंधित विभागाकडे, ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर किंवा महिन्याच्या पहिल्या सोमवारी भरणाऱ्या लोकशाही दिनात न्यावी. सेवेला २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. त्यात अधिसूचित केलेली सेवा ठरलेल्या मुदतीत द्यावीच लागते. माहितीसाठी मात्र जन माहिती अधिकाऱ्याकडे जोडपत्र ‘अ’ मधील अर्ज आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आपल्याकडे होते असे की, संतापलेला नागरिक तिन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहितो, वर ‘मा. आयुक्त’, ‘मा. जिल्हाधिकारी’ आणि ‘मा. पालकमंत्री’ अशी तिन्ही नावे घालतो आणि तीन प्रती काढून पाठवतो. त्या तिन्ही प्रती फिरत फिरत एकाच लिपिकाकडे येतात आणि एकाच धारिकेत शांतपणे विसावतात.

दुसरी गफलत अधिक खोल आहे : शहरात जे जे दिसते ते ते महापालिकेचे, हा समज. लातूरचेच उदाहरण घेऊ. लातूर शहर पाणी पिते ते मांजरा धरणाचे. धरण बीड जिल्ह्यात, धनेगावला. त्यातील साठ्याच्या नोंदी जलसंपदा विभागाकडे. पिण्यासाठी किती पाणी राखून ठेवायचे याचा निर्णय शासकीय पातळीवरच्या बैठकांत होतो, त्याचे इतिवृत्त तेथे. शहराच्या आसपासच्या विहिरींची पातळी मोजते भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. उपसा पंपांची वीज महावितरणची. महापालिकेकडे राहते ते शुद्धीकरण, टाक्या, जलवाहिन्या, वाटप आणि पाणीपट्टी. मग पाणी का येत नाही, असे महापालिकेला विचारले तर उत्तर येते, ‘वरून पाणी कमी येते.’ ते खोटे नसते, पण अपुरे असते. उरलेले उत्तर आणखी तीन कार्यालयांत पडून असते.

२०१६ सालचा उन्हाळा आठवावा. मांजरा कोरडे पडले होते. मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल रोजी मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास करून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली. पुढे पन्नास वाघिणींच्या गाडीतून एका खेपेस पंचवीस लाख लिटर येऊ लागले. देशभराच्या वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली. त्या प्रसंगी रेल्वेने आणि प्रशासनाने जे केले ते उत्तमच होते, संकटात समाजही पुढे आला; त्यात उणे काढण्याचा हेतू नाही. पण धरण एका रात्रीत आटत नाही. उपयुक्त साठा कधी संपला, मृतसाठा कधीपासून उपसायला घेतला, पिण्यासाठी राखून ठेवलेले पाणी प्रत्यक्षात किती उरले होते, शुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या पाण्यापैकी किती घरांपर्यंत पोहोचले, या प्रत्येक गोष्टीची नोंद कुठल्या ना कुठल्या नोंदवहीत होती. ती नोंद दोन पावसाळे आधी प्रत्येक प्रभागात वाचली गेली असती, तर रेल्वेची वाट पाहण्याऐवजी गळत्या मोजता आल्या असत्या. उजनीचे पाणी लातूरला आणण्याच्या घोषणा लातूरकरांनी वर्षानुवर्षे ऐकल्या. अशा घोषणेला टाळ्या वाजविण्यापूर्वी एका ओळीत विचारावे : या योजनेच्या प्रशासकीय मान्यतेच्या आदेशाची प्रत द्यावी. आदेश असेल तर प्रत मिळते. नसेल तर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे लेखी उत्तर येते, आणि तेही फार बोलके असते.

येथे प्रश्न मांडण्याच्या रीतीचा मुद्दा येतो आणि त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. कायदा ‘माहिती’ देतो, म्हणजे अस्तित्वात असलेला अभिलेख देतो. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने स्पष्ट केले की ‘का’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे माहिती नव्हे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, जो अभिलेख कार्यालयाजवळ नाही तो नव्याने तयार करून देण्याचे बंधन त्याच्यावर नाही, असा निर्वाळा दिला. ‘आमच्या गल्लीतील रस्ता सहा महिन्यांत का उखडला?’ हा प्रश्न माणूस म्हणून रास्त आहे, अर्ज म्हणून निरुपयोगी. अधिकारी एका ओळीत तो परत पाठवू शकतो. त्याऐवजी असे मागावे : अमुक चौक ते अमुक मंदिर या रस्त्याच्या कामाचे मंजूर अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तकाची संबंधित पाने, अंतिम देयक, गुणवत्ता चाचणीचा अहवाल आणि दोषदायित्व कालावधी नमूद असलेले करारपत्राचे पान. आता ‘का’ हा शब्द कुठेही नाही, पण रस्ता का उखडला हे त्या सहा कागदांतून शेंबडे पोरही सांगेल. जाडी किती ठरली होती, मोजमापात किती लिहिली, चाचणी झाली की नाही आणि ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करण्याची मुदत संपायला अजून किती दिवस आहेत! यातील शेवटची बाब बहुतेकांना ठाऊकच नसते. मुदतीत खड्डे पडले तर ते महापालिकेच्या, म्हणजे आपल्याच, पैशाने बुजवण्याचे कारण नाही.

पाण्याचेही तसेच. ‘अमुक टाकीवरील व्हॉल्व्ह उघडण्याच्या व बंद करण्याच्या वेळांची नोंदवही, १ मार्च ते ३१ मार्च’ एवढेच मागावे. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि सर्वसाधारणपणे दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. काहींना ही अडवणूक वाटते. या लेखकास ती उपकारक शिस्त वाटते. दीडशे शब्दांत जो मावत नाही तो बहुधा प्रश्न नसतो, गाऱ्हाणे असते. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे बंधन नाही आणि कोणी विचारले तरी सांगू नये. प्रतीसाठी पानाला दोन रुपये पडतात. कागदांचे बाड मोठे असेल तर प्रती मागण्याआधी अवलोकन मागावे. त्याचा पहिला तास विनाशुल्क असतो.

चुकून भलत्या कार्यालयात अर्ज गेला तरी घाबरण्याचे कारण नाही. कलम ६(३) नुसार त्या अधिकाऱ्याने तो पाच दिवसांत योग्य प्राधिकरणाकडे हस्तांतरित करायचा असतो. ‘हा विषय आमच्याशी संबंधित नाही’ असे सांगून अर्ज परत करणे हे उत्तर होत नाही. मात्र नागरिकानेही एकाच अर्जात चार कार्यालयांची मोळी बांधू नये. राज्य आणि केंद्र यांतील भेद तर आवर्जून पाहावा. नांदेडचे रेल्वे स्थानक दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात, लातूरचे मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. शेजारच्या दोन जिल्ह्यांचे प्रश्न दोन निरनिराळ्या दिशांना जातात आणि दोन्हीकडे महाराष्ट्राचा कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही. तेथे पोस्टल ऑर्डर किंवा केंद्राच्या संकेतस्थळावरून भरणा.

दार चुकल्याने काय होते, याची सर्वांत वेदनादायक आठवण नांदेडची आहे. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत तेथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात २४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यांत १२ नवजात बालके होती. लोकांचा क्षोभ स्वाभाविक होता. हे रुग्णालय महापालिकेचे नाही, जिल्हा परिषदेचेही नाही. ते राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाचे आहे. औषधसाठ्याची नोंदवही रुग्णालयाच्या भांडारात, रिक्त पदांची माहिती अधिष्ठाता कार्यालयात, औषध खरेदीची कागदपत्रे थेट मुंबईत. ज्या घरातले बाळ गेले त्या घराने एवढ्या दारांचा शोध घेत हिंडावे, ही अपेक्षाच क्रूर आहे. म्हणून अशा वेळी वस्तीतील जाणत्या कार्यकर्त्याने त्या कुटुंबाच्या वतीने योग्य दार शोधून द्यावे. सेवाकार्य म्हणजे केवळ रक्तदान आणि फळवाटप नव्हे. कायद्यात अशा प्रसंगासाठी तरतूदही आहे : माहिती व्यक्तीच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ती ४८ तासांत द्यावी लागते. रुग्णालयात औषध आहे किंवा नाही, हा प्रश्न तीस दिवसांचा नव्हेच.

मध्यमवर्गीय कुटुंबाला बहुधा एकदाच महापालिकेच्या दारात खरोखर उभे राहावे लागते, ते घर घेताना. आयुष्याची पुंजी ओतून गोदावरीच्या काठच्या गावठाणाबाहेर किंवा लातूरच्या वाढत्या वेशीवर भूखंड घेतला जातो आणि मग कळते की तो गुंठेवारीतला आहे, विकास आराखड्यातील आरक्षणात आहे किंवा पूररेषेच्या आत आहे. विसार देण्यापूर्वी नगररचना विभागातून त्या गटाचा झोन दाखला व भाग नकाशा घ्यावा आणि निळ्या व लाल पूररेषेची आखणी जलसंपदा विभागाकडून पाहून घ्यावी. विकणाऱ्याच्या माहितीपत्रकावर बाग आणि मंदिर रंगवलेले असते, पूररेषा नसते.

आता आक्षेपाचा विचार. माहिती अधिकाराचा धंदा करणारे लोक आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. ठेकेदाराची कागदपत्रे मागवायची आणि अर्ज मागे घेण्याची किंमत ठरवायची, हा प्रकार दोन्ही शहरांत कोणाला अपरिचित नाही. त्यामुळे सज्जन माणूस ‘आपल्याला त्या भानगडीत नको’ म्हणतो. परंतु सज्जनांनी रिकामी केलेली जागा रिकामी राहत नसते. ज्यांनी हा कायदा प्रामाणिकपणे वापरला त्यांनी किंमतही मोजली आहे. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली. म्हणूनच एकट्यादुकट्याने नव्हे, तर गृहनिर्माण संस्थेने, ज्येष्ठ नागरिक संघाने, वस्तीतल्या मंडळाने ठरवून आपल्यापैकी दहा-बाराजणांच्या सह्यांनी स्वतंत्र अर्ज करावेत आणि आलेली कागदपत्रे सार्वजनिक वाचनालयात ठेवावीत. दहा घरांनी मागितलेली आणि सर्वांना खुली केलेली माहिती विकता येत नाही.

शासनाच्या बाजूनेही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये झालेला बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. पूर्वी वैयक्तिक माहितीही, तिचा सार्वजनिक कामाशी संबंध असेल तर, देता येत असे. आता वैयक्तिक माहितीला सरसकट सूट आहे. व्यक्तीच्या खासगीपणाचे रक्षण हवेच. पण कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या देयकावर सही केली, ही त्याची खासगी बाब कशी ठरेल? हा बदल कोणत्याही पक्षाच्या सरकारने केला असता तरी त्याची धास्ती वाटलीच असती. कलम ८(२) अद्याप शाबूत आहे. लोकहित मोठे असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. तरीही तूर्त शहाणपण यातच की, अर्जात व्यक्तीचे नाव न घालता कामाचे नाव, कार्यादेशाचा क्रमांक आणि दिनांक घालावा.

तीस दिवसांत उत्तर आले नाही तर कायद्याच्या दृष्टीने तो नकार होय. पुढील तीस दिवसांत जोडपत्र ‘ब’ मध्ये प्रथम अपील करायचे असते. येथेच निम्मे अर्ज मरतात, कारण अर्जदार ‘बघू आणखी काही दिवस’ म्हणत वाट पाहतो आणि मुदत निघून जाते. मुदत उलटल्यावर मिळणारी माहिती विनामूल्य द्यावी लागते, हेही पुष्कळांना माहीत नसते. त्यापुढे नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. मराठवाड्यासाठी आयोगाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. नांदेड-लातूरहून तेथे जायचे म्हणजे अख्खा दिवस आणि प्रवासखर्च. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्व माहिती आयोगांना दूरदृश्य पद्धतीने सुनावणीची सोय करण्याचे आदेश दिले आहेत. अपिलातच तशी विनंती लिहावी. आयोगाच्या विलंबाबद्दल मात्र सांत्वन करणे कठीण आहे. २०२३ च्या सुमारास राज्यात एक लाखाहून अधिक अपिले व तक्रारी प्रलंबित होत्या. दिवसाला अडीचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये अशी दंडाची तरतूद कायद्यात आहे, पण दंड व्हायला आधी सुनावणी तर व्हावी लागते.

म्हणूनच अपिलापर्यंत न जाता काम होईल अशा वाटा अधिक महत्त्वाच्या. कलम ४ प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने सतरा बाबींची माहिती कोणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. अधिकाऱ्यांची कर्तव्ये, अंदाजपत्रक, सवलतींचे लाभार्थी आणि माहिती अधिकाऱ्यांची नावेसुद्धा त्यात येतात. अर्ज लिहिण्याआधी ती पाहावी. नसेल किंवा जुनी असेल तर पहिला अर्ज त्याच बाबीचा करावा. नव्याने निवडून आलेल्या आपल्या प्रभागातील नगरसेवकांकडे सर्वसाधारण सभेत विचारण्यासाठी एकच नेमका प्रश्न लिहून द्यावा आणि सभेनंतर इतिवृत्तात त्याचे उत्तर शोधावे. आणि राज्य शासनाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांतील अभिलेख दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना अर्जाशिवाय पाहता येतात. शासन निर्णयाची प्रत खिशात ठेवून, वही-पेन घेऊन, दोघांनी मिळून जावे. एकाने वाचावे, दुसऱ्याने टिपून घ्यावे. पहिल्या सोमवारी पाणीपुरवठा विभागाची व्हॉल्व्हची नोंदवही मागावी.